जुना संगणक, नवा संगणक आणि मधली अक्षरे

मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेला स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले म्हणजे ती ज्ञानेश्वरीवर बोलेल, किंवा सुरतेत राहते म्हणून फार तर कवी नर्मदाच्या कोशकार्यावर बोलेल, असा संयोजकांचा अंदाज असणे स्वाभाविक होते. मी विषय कळवला तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. घरातील जुना संगणक बदलावा कसा, हा विषय दुकानदाराशी बोलण्याचा, व्यासपीठावरून मांडण्याचा नव्हे, असे त्या सद्गृहस्थांना वाटले असावे. परंतु गेले वर्षभर हा प्रश्न मला ज्या वाटांनी घेऊन गेला त्या वाटा लिपीच्या, पाठचिकित्सेच्या आणि कोशरचनेच्याच होत्या. शिवाय ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते ते गुरुजी विद्यार्थ्यांच्या निबंधांतील चुकलेला रफार लाल शाईने दोनदा अधोरेखित करीत. त्यांना हा विषय परका वाटला नसता, अशी माझी खात्री आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगते. माझा पहिला संगणक १९९९ सालचा. तो २००६ च्या ऑगस्टमध्ये, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली तेव्हा, तळमजल्यावरच्या माझ्या अभ्यासिकेत बुडाला. त्यातील फाइलींची एक प्रत सीडीवर उतरवून नाशिकला भावाकडे ठेवलेली होती, म्हणून मजकूर वाचला. दुसरा संगणक पुरानंतर घेतला आणि तिसरा, जो अद्याप टेबलावर आहे तो, २०१४ साली. त्याचे वय आता बारा वर्षांकडे झुकले आहे. त्याला सुरू केल्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंत चहा होतो आणि पिऊनही होतो. आतील नाण्याएवढी बॅटरी दोनदा बदलली. ती क्षीण झाली की यंत्राला काळाचे भान राहत नाही आणि ते दर सकाळी कुठल्या तरी जुन्याच तारखेला जागे होते. गेल्या वर्षी हार्ड डिस्कमधून मधूनच टकटक असा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्कच्या आत फिरत्या तबकड्या असतात आणि त्यांवरून एक सूक्ष्म हात सरकत असतो. तो हात अडखळू लागल्याचे हे चिन्ह. आवाज ऐकला त्याच दिवशी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि संगणक बदलण्याचा विचार सुरू केला.

आता या यंत्रात आहे काय, हेही सांगितले पाहिजे. कारण नुसती पत्रे आणि घरखर्चाचे हिशेब असते तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे यंत्रमागांवर काम करण्यासाठी येथे आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची अहिराणी आली. १९९६ पासून पुढे पंधरा वर्षे मी या वस्त्यांतून शब्द गोळा केले. मुलाला आंडोर, मुलीला आंडेर, म्हाताऱ्याला धल्ला. 'आहे' याला शे. त्यांत सुरतेच्या बाजाराने घातलेली भर वेगळीच. गावाकडे ज्याला तागा म्हणत, त्याच कापडाला येथल्या मागांवर ताका म्हणू लागले, आणि एकाच घरात सासूच्या तोंडी तागा व सुनेच्या तोंडी ताका असे दोन्ही शब्द मी ऐकले. अशा सुमारे सहा हजार नोंदी आहेत. प्रत्येकीत शब्द, अर्थ, वापराचे वाक्य, सांगणाऱ्याचे मूळ गाव आणि वय. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वय तेव्हाच साठीपुढचे होते. आज त्यांच्याकडे पुन्हा जाऊन विचारण्याची सोय उरलेली नाही.

तेव्हा दुकानात जाऊन नवा संगणक आणावा, जुन्यातील सगळे त्यात ओतावे आणि जुना भंगारात द्यावा, हा सरळ मार्ग माझ्यापुढे नव्हता. तो का नव्हता, हे समजावून देणे हाच या लेखाचा हेतू आहे. मराठीतून लिहिणाऱ्या अनेक घरांत, तसेच शाळांच्या आणि संस्थांच्या कपाटांत, अशीच अडचण आज निपचित पडून आहे असे मला दिसते.

बाहेरून आलेले निमित्त सर्वांना ठाऊक आहे. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचा नियमित पाठिंबा थांबवला. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नाही. यंत्र चालतेच, परंतु प्रणालीत सापडणारी सुरक्षेची भगदाडे बुजवण्याचे काम थांबते. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत कंपनीने देऊ केली, पण ती मुदतच. विंडोज ११ घालावी तर तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे २०१७ नंतर आलेल्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. माझा चौथ्या पिढीचा. दुकानातील तरुणाने या अटींना वळसा घालण्याची युक्तीही मोठ्या उत्साहाने सांगितली. मात्र अशा वळशाने घातलेल्या प्रणालीला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, हे त्याच्याकडून काढून घ्यायला मला तीन प्रश्न विचारावे लागले.

परंतु खरी अडचण अक्षरांची. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजीतील मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, हे साऱ्या जगाने मान्य केले, म्हणून एका यंत्रावर लिहिलेला 'ए' दुसऱ्या यंत्रावरही 'ए'च राहतो. देवनागरीच्या बाबतीत असा सर्वमान्य क्रमांक घरोघरी पोहोचायला बराच काळ लागला. तोवर मराठीत टंकलेखन करायचे तर एक चतुर तोडगा वापरात होता. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या बसवायच्या. संगणक समजतो की आपण इंग्रजी 'ए' लिहिला. फॉन्ट त्या जागी एखादी वेलांटी किंवा अर्धा 'स' रेखाटतो. पडद्यावर आणि कागदावर मराठी उमटते, पण फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग असतो. त्यातही प्रत्येक फॉन्टकाराने आपल्या आकृत्या आपल्या मर्जीप्रमाणे बसवल्या. श्री-लिपीत लिहिलेले आकृतीत उघडत नाही, आणि या दोहोंत लिहिलेले सी-डॅकच्या सुरेख किंवा योगेश फॉन्टात उघडत नाही. फॉन्ट नाहीसा झाला की मजकूर नाहीसा झाला.

माझा प्रबंध महानुभाव गद्यावर होता, त्यामुळे मला येथे सकळा लिपीची आठवण होणे अपरिहार्य आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह, असा तो संकेत. त्याची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभी लागली. तोपर्यंत मराठीतले आद्य गद्य मठांतून सुखरूप असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला जवळजवळ अज्ञात होते. पोथ्या होत्या, वाचता येत नव्हत्या. महानुभावांनी हे जाणूनबुजून, ग्रंथांच्या रक्षणासाठी केले. आपण गेल्या शतकाच्या अखेरीस तेच केवळ सोयीपोटी केले.

यावर उपाय नव्हता असे मात्र नाही, आणि तो आपल्याच देशात निघाला हे नव्या पिढीला सांगायला हवे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' हे तंत्र भारतीय लिप्यांसाठी होते. त्यामागचा संकेत इस्की या नावाने ओळखला जातो. भारतीय मानक म्हणून त्याचे अंतिम रूप १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याची मूळ कल्पना पाणिनीच्या देशाला शोभेल अशी आहे. क्रमांक आकृतीला द्यायचा नाही, वर्णाला द्यायचा. 'क'ला एकच क्रमांक. तो अर्धा दिसो, पाऊण दिसो की जोडाक्षरात लपलेला असो. आणि ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत 'क' एकच असल्यामुळे देवनागरीत, गुजरातीत, बंगालीत त्याचा क्रमांकही एकच.

त्याच वर्षी, १९९१ च्या ऑक्टोबरात, जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची १२८ घरे १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहेत. युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळा विभाग दिला, पण घरांची मांडणी तीच ठेवली. आपला 'क' २३२५ व्या घरात राहतो. गुजराती 'क' २७०९ व्या. 'ख'चेही अंतर तेवढेच, 'ग'चेही तेवढेच, ३८४ घरांचे. सुरतेतील मराठी माणूस आणि त्याचा गुजराती शेजारी यांच्यातले अंतर इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी मोजल्याचे मला आठवत नाही.

विंडोजमध्ये युनिकोडची देवनागरी २००० सालच्या आवृत्तीपासून आली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मग त्यानंतरही मराठी लेखक आणि छापखाने वर्षानुवर्षे जुन्याच फॉन्टांत का लिहीत राहिले? कारण छपाईचे काम पेजमेकरवर चाले, त्या आज्ञावलीची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली, आणि तिला युनिकोड कळत नसे. मुद्रक जे मागेल ते लेखक देई. माझा शब्दसंग्रहही असाच जुन्या फॉन्टात लिहिला गेला. निदान दोन छापखान्यांनी तसाच हवा म्हणून सांगितले होते.

माझ्या मराठी आज्ञावलीला, तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही, एक कुलूपही होते. काडेपेटीएवढी ही वस्तू संगणकाच्या पाठीमागे, जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत बसवायची. ती नसेल तर आज्ञावली उघडत नाही. २०१४ साली दुकानदाराने शोधाशोध करून ती खाच असलेले यंत्र मिळवून दिले. आजच्या घरगुती संगणकांना ही खाच बहुधा नसतेच. शिवाय कुलपाशी बोलणारा आज्ञावलीचा भाग ३२ बिटांच्या काळातला. असा भाग ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे माझी आज्ञावली या जुन्या यंत्राबरोबरच संपणार. फाइली नव्या यंत्रावर नेता येतील, फॉन्टची फाइल सोबत नेली तर वाचताही येतील. पण त्यात दुरुस्ती करता येणार नाही, शोध घेता येणार नाही, आणि फॉन्ट हरवला तर वाचताही येणार नाहीत.

यावरून पहिला निर्णय आपोआप निघाला, आणि जुना संगणक बदलणाऱ्या प्रत्येक मराठी लेखकाने तो आधी घ्यावा असे मी आग्रहाने सांगते. नवा संगणक घ्यायचा तो जुना चालू असतानाच घ्यायचा. जुना बंद पडल्यावर नवा घेणारा माणूस मूळ पोथी जाळून नकलेची शुद्धता तपासायला बसल्यासारखा आहे. मूळ अक्षर कसे दिसत होते याचा एकमेव साक्षीदार ते जुने यंत्र असते. दोन्ही यंत्रे काही महिने शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

या काही महिन्यांची गरज का, हे परिवर्तनाची रीत पाहिल्यावर कळेल. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, काही विनामूल्यही आहेत. त्या बहुतांश काम क्षणात करतात. परंतु हे काम एका आकृतीऐवजी दुसरी ठेवण्याइतके सोपे नाही, कारण दोन्ही पद्धतींत क्रमच निराळा आहे. 'कि' लिहिताना जुना फॉन्ट आधी वेलांटी ठेवतो, मग 'क'; डोळ्यांना दिसते तसे. युनिकोड आधी 'क' ठेवतो, मग वेलांटी. तोंडाने उच्चारतो तसे. 'कर्म' या शब्दात जुना फॉन्ट 'क', 'म' आणि शेवटी वर रफार देतो. युनिकोड 'क', 'र', हलन्त, 'म' असा उच्चाराचा क्रम पाळतो. म्हणजे परिवर्तन करणाऱ्या आज्ञावलीला थोडे व्याकरण यावे लागते. ते तिला किती येते हे 'स्थिती'सारख्या शब्दांवर तपासावे. ऱ्हस्व वेलांटी 'स'वर चढलेली आढळली, तर आज्ञावली बदलावी.

सर्वांत नाजूक जागा मराठीच्या खास अक्षरांची. हिंदीचा विचार करून घडवलेल्या साधनांना आपला अर्धचंद्री 'र' ठाऊक नसतो. तो 'ऱ्य'चा सरसकट 'र्य' करून टाकतो, आणि मग डोंगरातल्या दऱ्या दर्याला मिळतात, आणि आचाऱ्याला दिलेली मजुरी आचार्याच्या नावावर जमा होते. हा विनोद मराठीचे शिक्षक दरवर्षी वर्गात करतात. माझ्या संग्रहात तो साडेतीनशे ठिकाणी घडला. 'पोऱ्या' हा खानदेशी शब्द सर्वत्र 'पोर्या' झाला होता. त्याहून छुपा प्रकार असा की, हाच अर्धचंद्री 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकदा 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला गेले तर एका रीतीचा शब्द दुसऱ्या रीतीने सापडत नाही. 'ॲ'चेही तसेच. २००८ साली त्याला स्वतःचे घर मिळाले, त्याआधी तो 'अ'वर चंद्र ठेवून लिहिला जाई. मी सर्वत्र 'ऱ' आणि एकसंध 'ॲ' असा नियम ठरवला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. हा नियम कोणता असावा यापेक्षा तो एकच असावा, याला अधिक महत्त्व आहे.

आणखी एक बाब केवळ कोशकाराच्या कामाची आहे, म्हणून थोडक्यात सांगते. युनिकोडच्या घरांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसतो. आपल्या कोशांत तो 'ह'नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवरून शब्द लावले तर कोशाचा क्रम बिघडतो. आज्ञावलीत भाषा म्हणून मराठी निवडून, लावलेला क्रम डोळ्यांनी पाहावा.

यंत्राने करण्यासारखे एवढे झाले म्हणजे उरते ते वाचन. येथे या शाळेचे ऋण नमूद केले पाहिजे. नववीतील दोन विद्यार्थिनी दर शनिवारी दुपारी माझ्याकडे येतात. एक जुन्या पडद्यावरून मोठ्याने वाचते, दुसरी नव्या पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहते, आणि अर्ध्या तासाने जागा बदलतात. पोथ्यांच्या नकला तपासण्याची हीच जुनी रीत. एके दिवशी दुसरी मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाई, इथं 'अंडोर' आलंय. आमची आजी 'आंडोर' म्हणते." पाहिले तर परिवर्तनात 'आं'मधला काना गळाला होता. जुन्या फॉन्टात काना आणि अनुस्वार यांची मिळून एक स्वतंत्र आकृती होती. आज्ञावलीला ती न कळल्याने तिने फक्त अनुस्वार ठेवला. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही आज्ञावली हे सांगू शकली नसती, कारण तिच्या कोशात अंडोरही नाही आणि आंडोरही नाही. तो लिंबायतच्या एका आजीच्या तोंडी होता, म्हणून सापडला. त्यानंतर काना-अनुस्वाराची सर्व स्थळे स्वतंत्रपणे काढून तपासली.

माझ्या भाच्याने सुचवले होते की हे सारे टंकन कशाला, मोबाइलपुढे बोलावे, मराठी आपोआप उमटते. उमटते खरे, आणि प्रमाण मराठी बरीच चांगली उमटते. वयोवृद्धांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु मी अहिराणी वाक्य बोलले की यंत्र त्याला जवळच्या प्रमाण शब्दाचे कपडे घालते. शे म्हटले की भलतेच काही लिहिते. बोलीचा संग्रह करणाऱ्याने हा अतिनम्र लेखनिक दूरच ठेवलेला बरा.

आता यंत्राची निवड. हा भाग लोकांना सर्वांत मोठा वाटतो आणि मला तो सर्वांत लहान वाटला. जुन्याच यंत्रात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवणे, हा पर्याय मी गांभीर्याने तपासला. एसएसडीत हलणारा भाग नसतो, आणि म्हातारा संगणक तेवढ्यानेही पुष्कळ चपळ होतो. त्यावर लिनक्स घातले तर विंडोजच्या अटींचा प्रश्नच उरत नाही. सी-डॅकची बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांसाठीच घडवलेली आहे. नुसते लिहिणे-वाचणे, टपाल आणि हिशेब एवढेच ज्यांचे काम आहे, त्यांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हा मार्ग करून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी अडचण एवढीच की कुलूपवाली आज्ञावली तेथे चालत नाही, आणि पडताळणी संपेपर्यंत जुन्या यंत्रातली कोणतीही वीट हलवणे मला मंजूर नव्हते.

कार्यालयांतून निघालेले वापरलेले संगणकही बाजारात मिळतात. ते घेणाऱ्याने प्रोसेसरची पिढी आठवी किंवा पुढची आहे ना, हे प्रथम पाहावे. बाकीची चमक नंतर. मी अखेर नवा आणि लहानसा डेस्कटॉप घेतला. मजकुराच्या कामाला भारी प्रोसेसर लागत नाही. दुकानदार त्याचेच गुणगान अधिक करतो. मी पैसा घातला तो मोठ्या, स्वच्छ मॉनिटरवर आणि कळफलकावर. सत्तरीनंतरच्या डोळ्यांना जुन्या पडद्यावर धुळीचा कण कोणता आणि अनुस्वार कोणता हे बोटाने पुसून पाहावे लागत होते. कळफलकासाठी इनस्क्रिप्ट शिकले. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, आणि सर्व भारतीय लिप्यांना मांडणी एकच. इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'र' आहे आणि शिफ्टसह तीच कळ 'ऱ' देते, एवढे कळले की मराठी माणसाची निम्मी तक्रार मिटते. तीन आठवड्यांत बोटे वळली.

दुकानात जाताना मी एक पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात एका पानावर दऱ्या, कुऱ्हाड, स्थिती, कर्म, ॲ, वाङ्मय, बाळ अशी शब्दांची यादी होती. प्रत्येक यंत्रावर ती उघडून दाखवा, त्यात एक शब्द माझ्यादेखत वाढवा आणि पुन्हा शोधून दाखवा, एवढेच मी सांगत असे. पहिल्या दोन दुकानांत मला वेडात काढले. तिसऱ्या दुकानातील मुलगा जळगावचा निघाला; त्याने यादी पूर्ण वाचली आणि कुऱ्हाडीवर येऊन हसला. संगणक तेथूनच घेतला.

प्रतींविषयी सुरतकरांना अधिक सांगण्याची गरज नसावी. २००६ चे पाणी ज्याने पाहिले त्याला कळते. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धावपळीत गेली आणि अनुयायांना ते आठवणीतून पुन्हा उभे करावे लागले. म्हणून त्याच्या परंपरेत इतके पाठभेद. माझ्या सहा हजार नोंदी आठवणीतून उभ्या करणारे कोणी नाही. म्हणून आता तीन प्रती आहेत. एक नव्या संगणकात, एक कपाटातील डिस्कवर, एक नाशिकला. शिवाय तपासून झालेली पाने मी छापून या शाळेच्या ग्रंथालयात ठेवत आहे. फाइली साध्या मजकुराच्या स्वरूपात, युनिकोडमध्ये ठेवल्या आहेत. कोणत्याही एका कंपनीची आज्ञावली असेल तरच उघडतील अशा स्वरूपात एकही ठेवलेली नाही. मूळ जुन्या फाइली आणि त्यांचा फॉन्टही सोबत आहेत. पाठ कितीही शुद्ध केला तरी मूळ हस्तलिखित कोणी टाकून देत नाही.

जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढून टाकली आहे. बाहेरच्या जगाशी संबंध नसल्याने सुरक्षेच्या सुधारणा थांबल्याचे त्याला आता फारसे दुःख नाही. त्याचे काम संपले म्हणजे तो दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला वजनावर द्यायचा नाही. त्याच्या पट्ट्यांत शिसे असते, आणि तारा जाळून तांबे काढण्याचे उद्योग कोणाच्या तरी वस्तीतच चालतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. त्याआधी हार्ड डिस्क काढून घेणार आहे. फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही, केवळ अनुक्रमणिकेतून तिचे नाव जाते. मजकूर पुढचे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. माझ्या नोंदींत माणसांची नावे, गावे, घरगुती गोष्टी आहेत. त्या त्यांनी मला विश्वासाने सांगितल्या होत्या.

दर शनिवारी दीडशे नोंदी होतात, परीक्षेच्या दिवसांत त्याही नाहीत. सध्या वाचन 'ध'पर्यंत आले आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आणखी दोन मुली येणार आहेत. त्यांपैकी एकीचे आजोळ साक्रीचे आहे, आणि तिकडच्या माझ्या नोंदी सर्वांत कमी असल्याने मी तिची वाट पाहत आहे.